चांदीचा रुपया आणि बाबासाहेबांचा प्रबंध

राज्यघटनेचे शिल्पकार ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची ओळख इतकी ठळक आहे की, त्यांच्या विद्वत्तेचा पहिला मोठा कस रुपयाच्या प्रश्नावर लागला होता, हे सहसा लक्षात येत नाही. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला, तेव्हा ते अवघ्या ३२ वर्षांचे होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाता आले. तेथून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात, परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला जातीमुळे राहायला जागा मिळेना. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांची जोड देऊन १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले.

प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय नाजूक होता. मोगल सत्ता खिळखिळी झाल्यावर देशात टाकसाळींचे पेव फुटले होते. चांदवडी, अंकुशी, जयपूरचा झाडशाही, हैदराबादचा हाली असे नाना रुपये चालत आणि प्रत्येक व्यवहारात सराफाचा बट्टा कापला जाई. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया आपल्या मुलखात लागू केला. कोणीही टाकसाळीत चांदी न्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे चलनाला धातूचाच लगाम होता.

१८७० नंतर युरोपातील देश सोन्याकडे वळले, चांदीचा भाव कोसळला आणि रुपयाही घसरला. लंडनला स्टर्लिंगमध्ये द्यावयाच्या रकमांचा बोजा वाढल्याने सरकारने १८९३ मध्ये लोकांसाठी टाकसाळी बंद केल्या. रुपया चांदीचाच राहिला. पण त्याची किंमत आता त्यातल्या चांदीवर ठरेना. ती १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १५ रुपयांना एक सॉव्हरिन, या दरावर सरकारने टिकवून धरली. याच व्यवस्थेला सुवर्ण विनिमय परिमाण म्हटले जाई. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये तिची प्रशंसा केली होती.

एका विद्यार्थ्याने केन्स यांच्याविरुद्ध उभे राहणे हे धाडसच होते. आंबेडकरांचा आक्षेप मूलभूत होता. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले की चलन फुगते, आणि विलायतेतील हुंडीचा दर स्थिर दिसत असला तरी देशातील महागाई वाढतच राहते. रुपयाने बाजारात किती धान्य मिळते, हीच त्यांच्या लेखी खरी कसोटी होती. महागाईच्या मागे मजुरी फरफटत जाते, त्यामुळे भुर्दंड कष्टकऱ्याला बसतो, हे त्यांनी आवर्जून मांडले. रुपये पाडणे कायमचे थांबवावे, सोन्याची नाणी काढणारी टाकसाळ उघडावी आणि सरकारचे हात बांधावेत, असा त्यांचा उपाय होता.

ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना खटकली आणि प्रबंध फेरलेखनासाठी परत आला. पैशाअभावी आंबेडकर एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला आले होते. तेथूनच त्यांनी सुधारित मजकूर पाठवला. निष्कर्ष तेच राहिले. त्याच वर्षी त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवूनही ग्रंथाचे मोल मान्य केले.

१९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर आंबेडकरांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक त्यांच्या या ग्रंथातूनच जन्मली, असे अनेकदा सांगितले जाते. ते अतिशयोक्त आहे. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली खरी, परंतु आंबेडकरांना हवे असलेले सोन्याचे नाणे मात्र नाकारले. त्यांच्या मांडणीचे महत्त्व या श्रेयावर अवलंबून नाही.

तोवर त्यांचे आयुष्य दुसऱ्या वळणावर आले होते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे गाजले. अर्थशास्त्राला मग सवड उरली नाही. १९४७ मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती भारतीय चलन आणि बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून निघाली. दुसरा खंड कधीच आला नाही. रुपयातील चांदी १९४० मध्येच निम्म्यावर आली होती. दुसरी आवृत्ती निघाली त्या वर्षीचा रुपया निकेलचा होता.