विश्लेषण : जॉर्ज सराची टिंबे आणि त्याला दगा देणारा पिवळा रंग

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असे एक चित्र आहे. नदीकाठची हिरवळ, छत्र्या घेतलेल्या बायका, उंच टोपी घातलेले पुरुष, एक माकड, धावणारी एक लहान मुलगी. लांबून पाहिले तर रविवारची निवांत दुपार. जवळ गेले की माणसे विरघळतात आणि उरतात फक्त रंगांची टिंबे. ‘ला ग्रान्द जात बेटावरील रविवारची दुपार’ हे चित्र जॉर्ज सराने १८८६ मध्ये लोकांसमोर ठेवले तेव्हा तो २६ वर्षांचा होता. त्याच्या हातात आणखी पाचच वर्षे होती.

पोस्ट-इम्प्रेशनिझम, म्हणजे उत्तर-दृक्‌प्रत्ययवाद म्हटले की आपल्याकडे व्हॅन गॉगचे नाव आधी येते. सरा त्याच पिढीतला, पण स्वभावाने अगदी उलट टोकाचा. कमी बोलणारा, नीटनेटका आणि चित्राच्या चौकटीपर्यंत सगळ्याचा हिशेब मांडणारा.

टिंबांची कल्पना आली कुठून?

सराचा जन्म पॅरिसमध्ये २ डिसेंबर १८५९ रोजी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते, त्यामुळे चित्रे विकून पोट भरण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. वडील बराचसा काळ शहराबाहेरच्या बंगल्यात एकटे राहत आणि ठरलेल्या वारी घरी जेवायला येत. मुलाचा अबोलपणा कुठून आला, हे वेगळे सांगायला नको. इकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत तो जेमतेम दीड वर्ष शिकला. ब्रेस्टला लष्करी सेवा करून परतल्यावर त्याने जवळपास दोन वर्षे रंग बाजूला ठेवले आणि खरखरीत कागदावर काळ्या कॉन्टे खडूने रेखाटने केली. त्यात रेषा जवळजवळ नाहीच, फक्त काळोख आणि उजेड आहे. टिंबांइतका या रेखाटनांचा गवगवा झाला नाही, पण सरा खरा कळतो तो इथे.

रंगांचे गणित मात्र त्याने शास्त्रज्ञांकडून उचलले. मिशेल शेव्रल हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबेलाँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काही रंग, विशेषतः काळा, फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर कळले की रंगात खोट नाही. शेजारच्या धाग्याच्या रंगामुळे डोळ्यालाच तो वेगळा दिसतो. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांतला फरक वाढवतात, हा नियम त्याने १८३९ मध्ये पुस्तकरूपात मांडला. पुढे ऑग्डन रूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले की रंगद्रव्ये एकत्र कालवली की मिश्रण काळवंडते, पण रंगीत प्रकाश मिसळला तर तसे होत नाही.

सराने यातून पुढचे पाऊल टाकले. रंग पॅलेटवर कालवायचेच नाहीत. शुद्ध रंगाची टिंबे शेजारी शेजारी मांडायची आणि मिश्रणाचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचे. मोबाइलच्या पडद्यावर लाल आणि हिरवे ठिपके मिळून आपल्याला पिवळा दिसतो, तसेच काहीसे. तुलना इथेच थांबते, कारण पडदा प्रकाश फेकतो आणि कॅनव्हास तो परतवतो. टिंबांचे डोळ्यात मिश्रण होते तेव्हा रंग अधिक झळाळत नाही, दोन्हींच्या मधला कुठला तरी येतो; पूरक रंगांचा तर राखाडीच होतो. म्हणजे सराची भौतिकी अर्धवट बरोबर होती. चित्राला जिवंतपणा येतो तो टिंबे पूर्ण मिसळत नाहीत म्हणून. नजर एकत्र पाहणे आणि सुटे पाहणे यांत हेलकावे खाते आणि हिरवळ थरथरते.

‘ग्रान्द जात’चे काय झाले?

त्याआधी ‘आनिएरचे स्नान’ हे त्याचे मोठे चित्र १८८४ मध्ये सलोनने, म्हणजे सरकारमान्य प्रदर्शनाने, नाकारले होते. मग नाकारलेल्या चित्रकारांनी स्वतःचे प्रदर्शन भरवले. तिथे त्याची पॉल सिन्याकशी गाठ पडली आणि ती मैत्री शेवटपर्यंत टिकली. ‘ग्रान्द जात’साठी सरा महिनोन्‌महिने त्या बेटावर गेला आणि पन्नासहून अधिक रेखाटने व छोटे अभ्यास केले. १८८६ च्या मे महिन्यात आठव्या आणि अखेरच्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात हे चित्र लागले. कामिय पिसारो या नव्या पद्धतीच्या बाजूने उभा राहिला. मोने आणि रन्वार यांनी त्या प्रदर्शनात भाग घेतला नाही. फेलिक्स फेनेआँ या समीक्षकाने चळवळीला नवदृक्‌प्रत्ययवाद हे नाव दिले. बिंदुवाद हे नाव सराला स्वतःला पसंत नव्हते.

दगा दिला तो रंगाने. चमकदार पिवळ्यासाठी सराने तेव्हा नवीन असलेले झिंक यलो वापरले होते. त्यातले क्रोमेट टिकले नाही. काही वर्षांतच पिवळी टिंबे तपकिरी झाली, उन्हातली हिरवळ मळकी पडली, नारिंगी विझली. टिंबाटिंबाचा हिशेब ठेवणाऱ्याचा हिशेब एका डबीने चुकवला. २००४ च्या प्रदर्शनासाठी मूळ रंग कसे असतील याचा अंदाज संगणकावर बांधण्यात आला, तेव्हा आपण किती फिके चित्र पाहतो हे कळले. १९५८ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला आग लागली, तेव्हा हे चित्र तिथे उसने गेलेले होते. ते वाचले. त्यानंतर ते शिकागोबाहेर पाठवलेले नाही.

चित्रात झाकलेला चेहरा

सराची सहचरी माडलेन क्नोब्लोख. ‘पावडर लावणारी तरुणी’ या चित्रात ती छोट्या टेबलासमोर बसली आहे. मागच्या भिंतीवर बांबूची चौकट आणि तीत फुलांची कुंडी. तांत्रिक तपासणीत त्या कुंडीखाली स्वतः सराचा चेहरा निघाला. ही बाई कोण हे माहीत नसलेल्या एका मित्राने थट्टा केली म्हणून त्याने तो झाकला, असे सांगितले जाते. १८९० च्या फेब्रुवारीत दोघांना मुलगा झाला, पण आईवडिलांना सराने काही कळू दिले नाही.

मार्च १८९१ मध्ये अपुरे ‘सर्कस’ चित्र प्रदर्शनात लावून तो धावपळ करत असताना आजारी पडला. आजार नेमका कोणता, यावर आजही एकमत नाही. दोन दिवस आधी तो माडलेनला आणि बाळाला घेऊन आईच्या घरी गेला. नातू असल्याचे तिला तेव्हा कळले. २९ मार्चला, वयाच्या ३१ व्या वर्षी, सरा गेला. पंधरवड्यातच बाळही गेले. प्रदर्शनात ‘सर्कस’ लागलेले होतेच.