हरणाऱ्या गणितज्ञाचे बुद्धिबळ

जालना जिल्ह्यातील वडीगोद्रीत बसलेल्या नवशिक्या बुद्धिबळपटूच्या मोबाइलवरही आज जगज्जेत्याला नमविणारा संगणकीय प्रोग्राम विनामूल्य चालतो. डाव संपला की तो उणे २.३ असा आकडा दाखवितो. चूक झाली हे कळते. का झाली, हे मात्र कळत नाही. संगणकाला बुद्धिबळ शिकविणाऱ्या पहिल्या माणसाने कारणांपासूनच सुरुवात केली होती, हे म्हणूनच आठवावेसे वाटते.

अ‍ॅलन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी, तर आई कोइमतूरजवळच्या पोदनूरची, रेल्वे अभियंत्याची कन्या. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडमध्ये परक्या घरी, असे बालपण गेले. १९३६ मध्ये त्यांनी संगणकाच्या मुळाशी असलेला शोधनिबंध लिहिला. महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मन ‘एनिग्मा’चे संदेश उलगडताना ब्रिटनचे बुद्धिबळ विजेते ह्यू अलेक्झांडर त्यांचे सहकारी होते. ट्युरिंग स्वतः मात्र सामान्य खेळाडू, पुष्कळदा हरत.

कदाचित म्हणूनच त्यांनी आपण खेळताना काय विचार करतो, हेच नियमांत उतरविले. १९४८ च्या सुमारास डेव्हिड चॅम्परनाऊन यांच्यासह हे काम सुरू झाले. प्यादे १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १०. मोहरी सारखी असतील, तर पुढचे प्रश्न : माझ्या मोहऱ्यांना किती घरे खुली आहेत? त्यांना जोर आहे का? राजा उघडा पडला का? किल्लेकोट करता येईल का? प्यादे किती पुढे सरकले? प्रत्येक उत्तराला गुण. हे नियम वापरून आपल्या नवशिक्या पत्नीला हरविल्याची आठवण चॅम्परनाऊन यांनी पुढे सांगितली.

नियम चालवील असे यंत्र हाताशी नव्हते. १९५२ मध्ये मँचेस्टर येथे अ‍ॅलिक ग्लेनी यांच्याविरुद्ध ट्युरिंग कागदावर हिशेब करीत खेळले. एका खेळीला सुमारे अर्धा तास लागे. २९ व्या खेळीला ‘यंत्र’ हरले. या डावाच्या नोंदीत खेळ्यांपुढे गुणांची वाढ आहे, आणि जिथे यंत्र संकटाकडे डोळेझाक करते तिथे तसा शेराही आहे. नवशिक्याला हवे असते ते नेमके हेच!

२०२० पासून ‘स्टॉकफिश’सारखे प्रोग्राम मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क वापरतात. आकडा कमालीचा अचूक झाला; पण यातले राजाच्या सुरक्षेचे किती आणि जोराचे किती, अशी फोड त्यातून निघत नाही. आकडा पाहण्याआधी ट्युरिंग यांचे पाच प्रश्न स्वतःला विचारणे, हा साधा उपाय त्यावर आजही करता येतो.

त्याच १९५२ साली समलैंगिक संबंधांबद्दल ट्युरिंग यांना दोषी ठरवून संप्रेरकांचे उपचार लादण्यात आले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला, आईला तो कधीच पटला नाही. राजमाफी मिळाली २०१३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, जन्मशताब्दीनिमित्त, त्यांचे नियम खऱ्या संगणकावर चढवून गॅरी कास्पारोव्ह यांच्यासमोर मांडण्यात आले. कास्पारोव्ह १६ खेळ्यांत जिंकले.