वकिली सोडून बंदिशी जमवणारे भातखंडे

परीक्षा जवळ आली की आपल्या हॉस्टेलवर सीनियर्सच्या नोट्सचे झेरॉक्स फिरायला लागतात. झेरॉक्सचं झेरॉक्स काढत गेलं की दशांशचिन्ह गायब होतं आणि उत्तर दहापट चुकतं. मग ओरिजनल वही कोणाकडे आहे, याची शोधाशोध! आपल्या संगीतात हीच शोधाशोध एका मराठी वकिलाने आयुष्यभर केली. त्यांचं नाव पंडित विष्णू नारायण भातखंडे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे पियानो म्हटलं की समोर छापील पुस्तक हवंच. शोपँची एकच रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडनला वेगवेगळी छापली जायची. त्या प्रतींत फरक पडले आणि संशोधक आजही हस्तलिखितं पुढे ठेवून ते तपासतात. भातखंड्यांपुढे मात्र तपासायला फारसा कागदच नव्हता. बंदिशी होत्या उस्तादांच्या गळ्यात.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरचा. १८८५ ला बी. ए., १८८७ ला एलएल. बी. झाले. वकिली करता करता सतार आणि गाणं शिकणं चालूच होतं. रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी शेकडो धृपदं घेतली. पण १९०० मध्ये पत्नी गेली आणि १९०३ मध्ये मुलगीही गेली. घर रिकामं झालं. दुसरा कोणी खचून गेला असता. भातखंड्यांनी वकिली सोडली आणि प्रवासाला निघाले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांकडे त्यांना व्यंकटमखीचा 'चतुर्दंडीप्रकाशिका' हा १७ व्या शतकातला ग्रंथ मिळाला. त्यातली ७२ मेळांची मांडणी पाहून त्यांना वर्गीकरणाची दिशा सापडली. पुढे त्यांनी हिंदुस्थानी राग १० थाटांत बसवले.

आता आपल्या गावाजवळची गोष्ट. ज्या दौलताबादला आपण रविवारी बाइक काढून जातो, त्या देवगिरीला १३ व्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. भातखंड्यांनी तो बारकाईने अभ्यासला, पण त्यातले राग आजच्या रागांशी जुळत नाहीत, हे त्यांनी स्पष्टपणे मांडलं. ग्रंथ मोठा म्हणून नुसती मान डोलावली नाही.

खरी कसोटी होती उस्तादांची. बंदिश म्हणजे त्यांची खानदानी इस्टेट, ती परक्याला का द्यायची? पदवीधर भातखंडे त्यांच्यापुढे शागीर्द होऊन बसले. रामपूरच्या नवाब हमीद अली खानांचंही शिष्यत्व त्यांनी पत्करलं. जे मिळालं ते स्वरलिपीत उतरवलं. या लिपीत खाली बिंदू असेल तर मंद्र सप्तक, वर असेल तर तार. म्हणजे इथेही बिंदू हरवला की गेलंच! 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या ६ भागांत मिळून १८०० हून जास्त बंदिशी छापल्या गेल्या.

१९१६ मध्ये बडोद्याला त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालयं निघाली. लखनौचं कॉलेज आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. १९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि १९ सप्टेंबर १९३६ ला ते गेले.

त्यांच्यावर टीकाही झाली. मींड कागदावर येत नाही, पुस्तकातली बंदिश आमच्या घराण्यापेक्षा वेगळी आहे, असं अनेक गायक म्हणत आले. त्यात तथ्य आहेच. पण पुस्तक आहे म्हणून तर फरक दाखवता येतो ना? गळ्यातली बंदिश गायकाबरोबर गेली असती, तर भांडायलाही काही उरलं नसतं.

तेव्हा यंदा सबमिशनला कॉपी मारताना एकदा तरी विचारा, दोस्तहो, ही प्रत मुळात कोणाची?