मसाई योद्ध्यांना आशीर्वाद देणारा लेनाना ब्रिटिशांसाठी 'सर्वोच्च प्रमुख' कसा झाला?

माउंट केनियावर जाणारे बहुतेक ट्रेकर्स ४,९८५ मीटरवरचं पॉइंट लेनाना गाठून परततात. ज्या लेनानाचं नाव या शिखराला आहे, त्याने मान्य केलेल्या करारामुळे मसाईंची उत्तम कुरणं गेली.

लेनाना हा मसाईंचा लायबोन होता. लायबोन म्हणजे राजा नव्हे, तर विधी करणारा आणि भविष्य सांगणारा. मसाई मुलगा सुंतेनंतर मोरान, म्हणजे तरुण योद्धा होतो. सुंतेच्या वेळी त्याने हूं की चूं करायचं नसतं, नाहीतर घराण्याची नाचक्की होते. पुढची काही वर्षं तो गुरं राखतो, केस वाढवून गेरूने रंगवतो. शेवटी युनोटो विधीत आई त्याचं मुंडण करते आणि मोरानपण संपत येतं. या विधींना आणि मोहिमांना लायबोनचा आशीर्वाद लागायचा. लेनानाची ताकद होती ती एवढीच.

त्याचे वडील म्बाटियान १८९०च्या सुमारास वारले. आख्यायिका अशी की, वारसा भाऊ सेंडेयोला मिळणार होता, पण लेनानाने आधी पोहोचून वृद्ध वडिलांकडून तो मिळवला. भावांत युद्ध पेटलं. त्यातच बुळकांडीने गुरं आणि देवीने माणसं मेली. सेंडेयो जर्मन हद्दीकडे गेला, तर लेनाना ब्रिटिशांकडे वळला.

ब्रिटिशांना वाटाघाटींसाठी एकच माणूस हवा होता. त्यांनी लायबोनलाच सर्वोच्च प्रमुख ठरवलं. १९०४च्या करारानुसार मसाईंनी रिफ्ट व्हॅलीतली रेल्वेलगतची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी सोडली. बदल्यात उत्तरेला लायकिपिया आणि रेल्वेच्या दक्षिणेला एक, असे दोन राखीव प्रदेश मिळाले. मसाई जमात असेपर्यंत ते कायम राहतील, असं वचन होतं. मसाईंनी किनांगोपच्या उतारावर किमान ५ चौरस मैल जमीन वेगळी मागून घेतली होती, ती सुंतेच्या विधींसाठी.

वचन ७ वर्षंही टिकलं नाही. मार्च १९११ मध्ये लेनाना वारला. उत्तरेच्या मसाईंनी दक्षिणेला जावं ही त्याची अखेरची इच्छा होती, असं ब्रिटिशांनी सांगितलं. एप्रिलमध्ये नवा करार झाला आणि लायकिपियाही गेलं. मसाई कोर्टात गेले. पण हे करार म्हणजे दोन सत्तांमधले तह आहेत, त्यात कोर्टाला अधिकार नाही, असं म्हणत १९१३ मध्ये दावा फेटाळला गेला.

नव्या करारातही किनांगोपवरच्या विधींचा हक्क मात्र कायम ठेवला होता. मोरान घडवण्यापुरती जागा कागदावर उरली, त्यांनी राखायची कुरणं गेली.