टोन थाट तुंग

टोन थाट तुंग (जन्म : १० मे, १९१२, मृत्यू : ७ मे, १९८२, हनोई) हे व्हिएतनामी शल्यचिकित्सक होते. यकृताच्या अंतर्गत रचनेचा अभ्यास आणि यकृत-कर्करोगावरील शस्त्रक्रियेची नवी पद्धत यांसाठी ते ओळखले जातात.

== जीवन व संशोधन ==
तुंग यांचे कुटुंब न्युएन राजघराण्याच्या एका शाखेतील होते. त्यांचे वैद्यकीय शिक्षण हनोई येथे फ्रेंच अमदानीत झाले. १९३५ च्या सुमारास शवविच्छेदन करताना त्यांना एका यकृतातील पित्तनलिकांत जंत शिरलेले आढळले. त्यांच्या आधारे नलिका व रक्तवाहिन्यांचा माग काढता येईल, हे त्यांच्या लक्षात आले. पुढील काही वर्षांत साधे उपकरण वापरून त्यांनी सुमारे २०० यकृतांतील वाहिन्या मोकळ्या केल्या व त्यांच्या आकृत्या काढल्या. हा प्रबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

फ्रान्सविरुद्धच्या युद्धात त्यांनी रणभूमीवर जखमींवर उपचार केले. १९५४ च्या दिएन बिएन फू लढाईतही ते होते. नंतर हनोईच्या व्हिएत-ड्यूक रुग्णालयाचे ते संचालक झाले.

== शस्त्रक्रियेची पद्धत ==
यकृतात रक्ताचा साठा मोठा असल्याने अतिरक्तस्राव हा त्या शस्त्रक्रियेतील मुख्य धोका होता. तत्कालीन प्रचलित पद्धतीत यकृताबाहेरील वाहिन्या आधी बांधून मग छेद घेतला जाई. तुंग यांनी यकृताचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखून, बोटांनी यकृत-ऊती विलग करून आतील वाहिन्या एकेक बांधण्याचा मार्ग अवलंबिला. १९६३ मध्ये ही पद्धत 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

== दीर्घकालीन परिणाम ==
शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी रोग पुन्हा उद्भवू शकतो. गाठींचा आकार व संख्या, रक्तवाहिन्यांत झालेला शिरकाव, उर्वरित यकृताची क्षमता, सिरॉसिस, शस्त्रक्रियेतील रक्तस्राव आणि छेदाच्या कडेला कर्कपेशी उरणे, यांवर रुग्णाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. कर्कपेशी पोर्टल शिरेच्या शाखांतून पसरतात. म्हणून रचनेनुसार संपूर्ण खंड काढण्याला महत्त्व आले. त्या रचनेचा पाया घालणाऱ्यांत तुंग यांची गणना होते. मात्र सिरॉसिस असलेल्या रुग्णाचा मोठा भाग काढल्यास उरलेले यकृत कामास पुरे पडत नाही. त्यामुळे सर्व रोग काढणे आणि पुरेसे यकृत राखणे, यांत शल्यचिकित्सकाला समतोल साधावा लागतो.

== युद्ध व रसायने ==
अमेरिकी सैन्याने फवारलेल्या वनस्पतिनाशकांतील डायॉक्सिनमुळे यकृत-कर्करोग वाढला असावा, असे तुंग यांनी मांडले. हा संबंध वादग्रस्त राहिला. व्हिएतनाममधील या कर्करोगाचे मोठे कारण हिपॅटायटिस बी विषाणू मानले जाते. फवारणीच्या आरोग्यावरील परिणामांकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या वैद्यांत मात्र त्यांचे स्थान कायम आहे.

१९७७ मध्ये फ्रान्सच्या शल्यचिकित्सा अकादमीने त्यांना लानलोंग पदक दिले. त्यांचे पुत्र टोन थाट बाक हेही शल्यचिकित्सक होते.