पहिल्या चेंडूचे मानकरी : जनार्दन नवले

भारताचा पहिला कसोटी सामना कोठे झाला, हे शाळकरी मुलेही सांगतात. पण त्यात आपल्या बाजूने पहिला चेंडू कोणी खेळला, असे मी विचारले की भलेभले क्रिकेटशौकीन गप्प होतात. तो मान जनार्दन नवले यांचा.

१९०२ साली फुलगावी जन्मलेले नवले कोवळ्या वयातच हिंदू संघाचे यष्टिरक्षक झाले. २५ जून १९३२ रोजी, होळकरांच्या पदरी असलेल्या सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली, लॉर्ड्सवर ते सलामीला उतरले. त्या सामन्यात त्यांनी १२ आणि १३ धावा केल्या. डिसेंबर १९३३ मधील मुंबईचा सामना लोकांना आठवतो तो लाला अमरनाथांच्या शतकामुळे. नवल्यांचा तो दुसरा आणि अखेरचा कसोटी सामना. एकूण धावा अवघ्या ४२.

पुढे साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी, पुण्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड आणि १९७९ साली मृत्यू. धावांच्या हिशेबात नवले लहान ठरतील. पण अशा खेळाडूवर पहारेकऱ्याची नोकरी करण्याची पाळी येऊ न देणे, एवढे तरी टाळ्या वाजविणाऱ्यांचे देणे होते, असे मला वाटते.