देशातली सर्वात मोठी दुर्बीण पुण्यात होती, मग ती गेली कुठे?

पुण्याचं आजचं सीओईपी म्हणजे तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स. 1888 साली तिथे वेधशाळा सुरू झाली. 20 इंची आरशाची तिथली दुर्बीण तेव्हा देशात सर्वात मोठी होती. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, म्हणून वेधशाळेला नाव त्यांचं. डोलारा मात्र एकाच माणसावर उभा, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म 1857 चा, पारशी कुटुंबातला.

आकाशातून येणारा प्रकाश रंगांमध्ये फोडून तपासणं हे त्यांचं काम. लालसर तारा तुलनेने थंड, निळसर तापलेला, हे रंगावरूनच कळतं. मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपटही त्यांनी अभ्यासला. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला तर त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळच ठोकला.

पण आकाशाला घाई नसते. तिमिंगल नक्षत्रातला मीरा हा तारा उजळून, मंदावून पुन्हा उजळायला सुमारे 332 दिवस घेतो, मंदावताना आणखी लाल होतो. असे तारे समजायला पिढ्यान्‌पिढ्या नोंदी लागतात. इथे 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली.